पंधरा मिनिटे प्रभूपाशी : ध्यानप्रार्थनेची सुरुवात करताना



घरभेटीला गेलो की चहा संपता संपता एक गोष्ट हमखास निघते. "फादर, रोजरी चुकत नाही, रविवारची मिस्सा चुकत नाही, पण प्रार्थना झाली असं काही वाटत नाही. ओठ चालतात आणि मन भलतीकडेच फिरतं." असे म्हणणाऱ्यांत पहाटेची लोकल पकडणारे नोकरदार आहेत, नातवंडांत रमलेले आजीआजोबा आहेत, बारावीची मुले आहेत. घरातले माणूस गेल्यापासून आपल्याला प्रार्थनाच येईनाशी झाली आहे, असे खालच्या आवाजात सांगणाऱ्या माताही आहेत. या सर्वांना आम्ही तोंडी जे सांगतो ते या वेळी जरा सविस्तर लिहीत आहोत. दिवसातून पंधरा मिनिटे प्रभूपाशी शांत बसायचे कसे, एवढाच विषय आहे.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात प्रार्थनेचे तीन प्रकार सांगितले आहेत : मुखाने म्हटलेली प्रार्थना, मनन आणि मौन चिंतन. यांतला पहिला प्रकार आपल्याकडे उत्तम रुजला आहे. संध्याकाळी घरातील सर्वांनी क्रुसासमोर एकत्र येऊन रोजरी म्हणायची, ही वसईच्या घरांची जुनी शिस्त आहे आणि ती टिकली पाहिजे. दुसरा आणि तिसरा प्रकार मात्र आपण सिस्टरांवर आणि सेमिनरीतल्या मुलांवर सोपवून मोकळे झालो. ग्रंथात अशी वाटणी कुठेही केलेली नाही.

हे आपले आहे का?

ध्यान म्हटले की काहींच्या कपाळावर आठी पडते. हे आपल्या धर्मात कुठून आले, असे विचारले जाते. तेव्हा आधी बायबल उघडू या. अगदी पहिल्याच स्तोत्रात नीतिमान माणूस प्रभूच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो असे वर्णन आहे. तिथे जो मूळ हिब्रू शब्द आहे त्याचा अर्थ हलक्या आवाजात पुटपुटणे, गुणगुणणे असा होतो. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात हाच शब्द कबुतराच्या घुमण्यासाठी आणि शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी वापरला आहे. म्हणजे मनन करणे म्हणजे डोळे मिटून पोकळीत शिरणे नव्हे. देवाचा शब्द तोंडात घोळवत राहणे, गाय सावलीत बसून रवंथ करते तसा तो पुन्हा पुन्हा चावणे, असा त्याचा अर्थ आहे. मध्ययुगातील मठवासी हाच रवंथाचा दाखला देत असत.

संत लूकने पवित्र मरियेबद्दल एकाच अध्यायात दोनदा सांगितले आहे की, घडलेल्या गोष्टी ती अंतःकरणात जपून ठेवत असे. एकदा मेंढपाळ येऊन गेल्यावर आणि एकदा बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडल्यावर. दुसऱ्या प्रसंगी तर येशूचे उत्तर तिला समजले नव्हते, असेही लूक स्पष्ट लिहितो. न समजलेली गोष्टही जपून ठेवता येते, हे नवशिक्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणि स्वतः प्रभू? मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमची ती संध्याकाळ आहे. सारे गाव दाराशी लोटले आहे, आजाऱ्यांची रीघ लागली आहे. दुसऱ्या दिवशी फटफटण्याआधीच येशू उठतो आणि एकान्तात जाऊन प्रार्थना करू लागतो. तर शिमोन आणि त्याचे सोबती शोधत शोधत तिथे हजर! सगळे तुला शोधत आहेत, अशी त्यांची तक्रार. निवांत वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांनी हा उतारा जरूर वाचावा. प्रभूलाही तो सहजासहजी मिळत नव्हता.

आपल्यातील काही जण इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर करून आले आहेत, काहींनी योगाचा वर्ग लावला आहे. हे चालते का, असे ते आडून आडून विचारतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांविषयी जो दस्तऐवज दिला त्यात, त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करत नाही, अशी भूमिका आहे. पुढे १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, म्हणजे अविलाच्या संत तेरेजाच्या सणादिवशी, रोमहून खास ख्रिस्ती ध्यानाविषयी एक पत्र निघाले. इतरांच्या पद्धतींतील उपयुक्त ते घ्यायला त्यात मनाई नाही. मात्र ख्रिस्ती प्रार्थनेचा गाभा झाकोळता कामा नये, आणि शरीराला मिळालेला आराम म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन असा घोटाळा करू नये, असा इशारा आहे. आमच्या मते हा इशारा फार मोलाचा आहे. ताठ बसणे आणि श्वास संथ करणे ही कुणा एकाची मालमत्ता नाही. प्रश्न असतो तो आपण कुणासमोर बसलो आहोत हा. ख्रिस्ती माणूस ध्यानाला बसतो तेव्हा त्याच्या समोर कुणीतरी असते, आणि ते 'कुणीतरी' त्याच्या आधी येऊन बसलेले असते. मन शांत झाले तर छानच. पण त्यासाठी आपण बसत नाही. मित्राकडे आपण जातो ते त्याच्या खुर्चीत आराम मिळतो म्हणून नव्हे.

मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांचे 'साधना' हे पुस्तक १९७८ साली निघाले आणि जगभर वाचले गेले. भारतीय साधने वापरून ख्रिस्ती माणसाला प्रार्थनेला बसवण्याचा तो प्रयत्न होता. त्यांच्या काही लिखाणाबाबत रोमने १९९८ साली सावधगिरीची सूचना दिली आहे. म्हणून त्यांची पुस्तके वाचायची असल्यास आमच्याशी बोलून मग वाचावीत, ही विनंती.

वेळ, जागा आणि गुडघे

सकाळची वेळ सर्वांत चांगली. रात्री बसलात तर दिवसभराचा शीण बसतो, तुम्ही नाही. पण पहाटे डबे करणाऱ्या गृहिणीला सकाळ कुठली? तिने दुपारी भांडी आवरल्यावर बसावे. वेळ कोणतीही असो, ती रोज तीच असावी. आणि पंधराच मिनिटे. तप:काळाच्या पहिल्या आठवड्यात उत्साहाने तासभर बसणारे तिसऱ्या आठवड्यात दिसेनासे होतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

जागेची अडचण खरी आहे. वाडीतल्या जुन्या घरांना ओटी होती, आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाच माणसे राहतात. मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभू आतल्या खोलीत जाऊन दार लावायला सांगतो. तिथे जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ घरातली कोठीची खोली असा आहे. धान्यधुन्य ठेवायची ती जागा. तेव्हा तांदळाच्या पिंपाशेजारी खुर्ची ठेवून बसलात तरी शास्त्राला धरूनच आहे. एक क्रूस किंवा चित्र समोर असावे. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत. वेळ कळावी म्हणून घड्याळाचा गजर लावा, मोबाइलचा नको, कारण गजर बंद करताना आलेला संदेश दिसतोच.

कसे बसावे? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार घोटून घेतला जातो. आत्मा शरीरात, घागरीत पाणी असावे तसा नसतो. आत्मा आणि शरीर मिळून एकच माणूस होतो. त्या वयात तो परीक्षेपुरता वाटतो, पण प्रार्थनेला बसताना त्याचा उपयोग कळतो. पाठीला पोक काढून बसले तर मनही पोक काढते. म्हणून पाठ सरळ, पावले जमिनीवर टेकलेली, हात मांडीवर. गुडघे टेकलेच पाहिजेत असे नाही. लोयोलाचे संत इग्नाशियस, ज्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तिकेला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली, ते तर गुडघ्यावर, बसून, उभ्याने, पाठीवर पडूनही प्रार्थना करण्याची मुभा देतात. एका स्थितीत हवे ते सापडले की मग चुळबुळ करू नये, एवढेच ते बजावतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्या आजीबाईंनी खुशाल आरामखुर्ची घ्यावी. पाठीवर पडून करण्याचा प्रयोग मात्र नवशिक्याने करू नये. का, ते सांगायला नको.

प्रत्यक्ष पंधरा मिनिटे

संत इग्नाशियस यांनी सांगितलेली एक लहानशी कृती आम्हाला फार आवडते. बसायच्या जागेपासून एकदोन पावले अलीकडे थांबायचे. प्रभूची प्रार्थना म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ उभे राहायचे आणि प्रभू आता माझ्याकडे कसा पाहत आहे, याचा विचार करायचा. मग वाकून नमस्कार करून बसायचे. ही अर्ध्या मिनिटाची कृती गाळू नका. तिने सारा रंग बदलतो. आपण काहीतरी करायला बसलो नसून आपली वाट पाहिली जात होती, हे त्याने ध्यानात येते.

मग शुभवर्तमानातला एक लहान उतारा घ्यायचा. आठदहा ओळी पुरेत. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये कार्थुसियन मठात दुसरे गुइगो नावाचे मठाधिपती होऊन गेले. त्यांनी प्रार्थनेची चार पायऱ्यांची शिडी सांगितली : वाचन, मनन, विनवणी आणि चिंतन. समजावताना त्यांनी जेवणाचाच दाखला दिला. वाचन म्हणजे घास तोंडात घालणे, मनन म्हणजे तो चावणे, विनवणी केली की चव लागते आणि चिंतन म्हणजे ती गोडीच. आपली गडबड ही होते की, आपण घासावर घास कोंबतो. बायबलचा अख्खा अध्याय वाचून उठतो आणि काही पोटात गेले असे वाटत नाही.

उदाहरण म्हणून मार्कच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी असलेली आंधळ्या बार्तिमयची गोष्ट घेऊ. ती हळू, जमल्यास ओठ हलवून, दोनदा वाचा. मग पुस्तक मांडीवर ठेवा आणि यरीहोच्या वाटेवर तुम्हीही उभे राहा. धूळ उडते आहे. गर्दी आहे. एक भिकारी ओरडतो आहे आणि लोक त्याला गप्प बसवत आहेत. तुम्ही कुठे आहात? गप्प करणाऱ्यांत? की त्याच्या शेजारी बसकणावर? येशू थांबतो. आंधळा अंगावरचे वस्त्र टाकून उडी मारून उठतो. त्या वस्त्रातच बहुधा त्याची भीक गोळा होत असेल. आणि मग येशू त्याला, मी तुझ्यासाठी काय करावे, असे विचारतो. समोरचा माणूस आंधळा आहे हे उघड दिसत असताना विचारतो.

इथे थांबा. पुढे जाऊ नका. तोच प्रश्न तुम्हाला विचारला गेला आहे असे समजा आणि उत्तर द्यायची घाई करू नका. पहिले उत्तर बहुधा तोंडपाठ असते : सगळ्यांना सुखी ठेव. ते देऊन झाल्यावर गप्प बसा. खरे उत्तर त्याच्या खाली असते आणि ते वर यायला तीनचार दिवस लागू शकतात. तोवर रोज तोच उतारा घ्यायला काहीही हरकत नाही. दररोज नवा उतारा हवाच, हा हट्ट शाळेतला आहे.

उत्तर सुचले की ते प्रभूला आपल्या घरच्या बोलीत सांगा. पुस्तकी भाषा नको. आईशी ज्या बोलीत बोलता तीच बोली. शेवटी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणून उठावे. वहीत एखादी ओळ लिहिली तर उत्तम. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली प्रापंचिक लोकांसाठी भक्तिजीवनावर पुस्तक लिहिले. त्यांचा सल्ला आपल्या फुलवाल्या कुटुंबांना चटकन समजेल. बागेत फिरून आलेला माणूस निघताना चारदोन फुले हातात घेतो आणि दिवसभर त्यांचा वास घेत राहतो, तसा ध्यानातला एखादा विचार सोबत घेऊन उठावे. दादरच्या बाजारात पाठवायची सोनचाफ्याची पुडी भल्या पहाटे बांधताना एक फूल स्वतःसाठी ठेवावे, तसेच हे.

ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांनी खट्टू होऊ नये. त्यांच्यासाठी संत इग्नाशियस यांनीच दुसरी वाट दिली आहे. पाठ असलेली प्रार्थना घ्यायची आणि तिच्या एकेका शब्दापाशी, जोवर गोडी लागते तोवर, थांबायचे. 'पिता' या एका शब्दावर पंधरा मिनिटे संपली तर संपू द्यावीत. उरलेली प्रार्थना शेवटी नेहमीसारखी म्हणून टाकावी. उद्या पुढच्या शब्दापासून सुरू करावे. आमच्या अनुभवात निरक्षर आजी या वाटेने सुशिक्षितांच्या पुढे निघून जातात.

मन पळते तेव्हा

आता खरी अडचण. दुसऱ्याच मिनिटाला गॅसचा नंबर लावायचा राहिला हे आठवते. मग आठवते की शेजाऱ्यांनी परत द्यायचे पैसे दिलेले नाहीत. मग त्यांनी मागच्या वर्षी काय केले ते. भानावर येतो तोवर पाच मिनिटे गेलेली असतात आणि माणूस स्वतःवर चिडतो : मला हे जमणारच नाही. इथेच निम्मे लोक सोडून देतात. देवाला मी नको असेन, असाही अर्थ काही जण काढतात, आणि तो अर्थ वर्षानुवर्षे मनात बाळगतात. म्हणून हा परिच्छेद दोनदा वाचावा.

मन पळणे हे पाप नाही. मनाचा तो धर्मच आहे. वर उल्लेख केलेल्या धर्मशिक्षण ग्रंथात म्हटले आहे की, पळणाऱ्या विचारांच्या मागे लागणे म्हणजे त्यांच्याच जाळ्यात सापडणे. त्यांना हाकलत बसू नये, फक्त हृदयाकडे परत यावे. रांगणारे मूल उंबऱ्याकडे गेले की आई त्याला उचलून परत आणते. रागावत नाही, कारण ते पुन्हा जाणार हे तिला ठाऊक असते. पंधरा मिनिटांत मन तीस वेळा पळाले आणि तीस वेळा परत आणले, तर तुम्ही तीस वेळा प्रभूची निवड केलीत. हीच त्या दिवसाची प्रार्थना. चौथ्या-पाचव्या शतकातले वाळवंटातले तपस्वीही याच पेचात होते. संत जॉन कॅशियन यांनी त्यांच्याकडून शिकलेली युक्ती लिहून ठेवली आहे : साहाय्यासाठी देवाला हाक मारणारी सत्तराव्या स्तोत्रातली एक ओळ सतत मनात म्हणत राहणे. आपण 'येशू' हे नावच घ्यावे. मन गेले की नाव घ्या. पुन्हा गेले की पुन्हा घ्या.

पण सगळे विचार सारखे नसतात. गॅसचा नंबर एकदा आठवतो आणि जातो. एखादा विचार मात्र रोज, त्याच वेळी, त्याच दाराने येतो. तो आठवडाभर येत राहिला तर त्याला अडथळा म्हणू नका. तोच विषय आहे. त्याच ग्रंथात पुढे असे म्हटले आहे की, आपले मन कशाला चिकटले आहे हे अशा विचारांतून उघड होते, आणि आपण कोणत्या धन्याची चाकरी करतो हेही.

समजा, दोन भाऊ आहेत. वडिलांच्या माघारी वाडीची वाटणी झाली, बांधावरून शब्दाला शब्द लागला आणि सहा वर्षे बोलणे बंद आहे. त्यांतला एक ध्यानाला बसू लागतो. बार्तिमय राहतो बाजूला, रोज तो बांध डोळ्यांपुढे येतो. तो जोर लावून त्याला ढकलतो, पुन्हा येतो. अशा माणसाने काय करावे? आमचे मत असे की त्याने बार्तिमयला दोन दिवस रजा द्यावी आणि तो बांधच प्रभूपुढे मांडावा. सगळे सांगावे. माझे बरोबर होते हेही सांगावे. वकिलासमोर सांगतो तसे तावातावाने सांगितले तरी चालेल. आणि मग प्रभू काय म्हणतो ते ऐकायला थोडा वेळ गप्प बसावे. मत्तयच्या पाचव्या अध्यायात वेदीजवळ आलेल्या आणि भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवलेल्या माणसाला प्रभू काय करायला सांगतो, हे आपल्याला माहीत आहे. गंमत अशी की त्याला ते वेदीजवळच आठवते. एरवी विसरायला शंभर कामे असतात. त्या दिवशी सातव्या मिनिटाला उठून कुणी भावाच्या दारात गेला, तर त्याची पंधरा मिनिटे पूर्ण भरली असे आम्ही धरू.

यासाठीच आम्ही म्हणतो की, 'मनःशांतीसाठी ध्यान' ही जाहिरात अपुरी आहे. पुष्कळदा आधी अशांतता येते. झाकून ठेवलेले वर येते. ते वर आले म्हणून ध्यान बिघडले असे नाही.

दुःखात असलेल्यांसाठी

ज्यांच्या घरात अलीकडे मृत्यू झाला आहे त्यांच्यासाठी थोडे वेगळे. शांत बसले की रडू येते, म्हणून त्या बसतच नाहीत. कामात गुंतून घेतात. त्यांना आम्ही शुभवर्तमानातला उतारा देत नाही. बेथानीच्या दोघी बहिणी आठवून देतो. योहानच्या अकराव्या अध्यायात मार्था येते आणि नंतर मरिया येते, आणि दोघी प्रभूला एकच गोष्ट ऐकवतात : तू इथे असतास तर आमचा भाऊ गेला नसता. ही तक्रारच आहे. प्रभू त्यावर रागावत नाही. थोड्याच वेळाने तो स्वतः रडतो. तेव्हा पंधरा मिनिटांत दुसरे काहीही न करता हेच म्हटले तरी चालते : तू तेव्हा कुठे होतास? स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, आणि तरीही ख्रिस्तसभा ते प्रार्थना म्हणून म्हणते. शब्दच सुचले नाहीत तर संत पौलाने रोमकरांना लिहिलेले आठवावे. आपल्याला प्रार्थना येत नाही तिथे पवित्र आत्मा आपल्या वतीने, शब्दांपलीकडच्या कण्हण्याने, विनवणी करतो.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शांत बसल्यावर भीतीने छाती धडधडत असेल, जुने भयंकर प्रसंग पुन्हा पुन्हा अंगावर येत असतील, झोप आणि भूक उडाली असेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर ध्यान थांबवा. आमच्याकडे या आणि डॉक्टरांकडेही जा. एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला आधी झोपू दिले आणि भाकर-पाणी दिले. डोंगरावरची मंद वाणी त्यानंतरची. औषध घेणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे.

विहीर आटली की

महिना-दोन महिने बरे जातात आणि मग एक दिवस काहीच वाटेनासे होते. उतारा कोरडा, नाव कोरडे. इथे अविलाच्या संत तेरेजाइतकी (१५१५–१५८२) चांगली सोबत दुसरी नाही. १९७० साली तिला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून गौरवले गेले. पण आत्मचरित्रात ती सरळ सांगते की, कित्येक वर्षे तिचे लक्ष प्रार्थनेपेक्षा तास कधी संपतो याकडे असे, आणि हातात पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसायचे धाडस तिला अठरा वर्षे झाले नाही. मग आपण पुस्तक उघडे ठेवून बसलो तर लाज कसली?

तिनेच बागेला पाणी घालण्याच्या चार रीती सांगितल्या आहेत. विहिरीतून हाताने शेंदून पाणी काढणे, रहाटाने काढणे, ओढ्याचे पाणी वळवणे आणि पाऊस पडणे. वसईतल्या वयस्क माणसांना हे समजवायला नकोच. त्यांनी बैल जुंपलेला रहाट पाहिला आहे. मडकी भरून वर यायची, पाटाने पाणी केळीच्या आळ्यापर्यंत जायचे, आणि त्याआधी हाताने शेंदणाऱ्याचे खांदे कसे भरून यायचे हेही त्यांना माहीत आहे. तेरेजा म्हणते, नवशिका हाताने शेंदतो. श्रम फार, पाणी थोडे. कधी कधी तर पोहरा रिकामाच वर येतो, कारण विहीरच आटलेली असते. तेव्हाही माळ्याने विहिरीवर जावे, आपले काम करावे. पाण्यावाचूनही झाडे जगवणे बागेच्या धन्याला येते. रहाट आपण बसवू शकतो, पाऊस पाडू शकत नाही, हा भेद आम्हाला तिच्याकडून शिकावासा वाटतो. संत इग्नाशियस तर आणखी कडक आहेत. ज्या दिवशी कोरडे वाटते त्या दिवशी ठरल्या वेळेपेक्षा थोडे जास्तच बसावे, म्हणतात. तेव्हा त्या दिवशी सोळा मिनिटे.

आणि झोप लागली तर? लिझ्यूच्या संत तेरेजालाही (१८७३–१८९७) प्रार्थनेत झोप लागत असे, आणि मुले जागी असोत की झोपलेली, आईवडिलांना सारखीच लाडकी असतात, असे समाधान ती करून घेत असे. रोजच झोप लागत असेल तर मात्र रात्री टीव्ही लवकर बंद करावा.

पुढचे चार आठवडे जे सुरुवात करू इच्छितात त्यांनी असे करावे : पहिल्या आठवड्यात बार्तिमय, दुसऱ्यात मार्था आणि मरिया (लूक, अध्याय १०, शेवटच्या पाच ओव्या), तिसऱ्यात वादळातली होडी (मार्क, अध्याय ४, शेवटचा भाग), चौथ्यात प्रभूची प्रार्थना शब्दाशब्दाने. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांच्यासाठी उद्यापासून चर्चचे बाजूचे दार पहाटे साडेपाचला उघडले जाईल. दिवे लावले जाणार नाहीत, वेदीजवळचा एक दिवा पुरे. कुणी कुणाशी बोलायचे नाही. पावणेसहाला सॅक्रिस्टन हलकी घंटा वाजवतील, मग ज्यांना लोकल गाठायची आहे त्यांनी निघावे. मिस्सा नेहमीप्रमाणे सहाला.

तुमचे धर्मगुरू